शिंगू नदीच्या कपारीतला पट्टेरी मासा

ब्राझीलच्या पारा राज्यात, आल्तामिरा शहराच्या खालच्या अंगाला शिंगू नदी एक प्रचंड वळसा घेते. ‘व्होल्ता ग्रांजी’, म्हणजे मोठे वळण, हेच त्या भागाचे नाव. प्राचीन कातळावरून जाताना नदीला येथे असंख्य फाटे फुटतात आणि ती खळाळत उतरते. ‘झेब्रा प्लेको’ हा बोटभर लांबीचा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा मार्जारमीन निसर्गतः जगात फक्त याच परिसरात आढळतो.

त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या तकटांचे चिलखत असते. मत्स्यटाकीची काच चाटून साफ करणारा, आपल्या ओळखीचा ‘सकर फिश’ त्याच कुळातला. मात्र दोघांच्या राहणीत मोठे अंतर आहे. सकर मासा शेवाळ खरवडतो आणि टाकीतून नदीत सोडला, तर परक्या पाण्यातही सहज फोफावतो. झेब्राच्या खालच्या जबड्यात दात मोजकेच असतात. 1991 मध्ये त्याचे वर्णन करताना दिलेल्या ‘हायपॅन्सिस्ट्रस’ या प्रजातिनामाचा रोखही या कमी दातांकडेच आहे. शेवाळापेक्षा बारीक जलचरांवर त्याची भिस्त अधिक असते.

दिवसभर तो कातळाच्या चिरेत दडून राहतो. नर अरुंद कपार निवडतो, मादी तिथे जेमतेम दहा-पंधरा मोठी अंडी घालते आणि पुढे नरच परांनी वारा घालावा तसे पाणी हलवत त्यांची राखण करतो. अंडी इतकी थोडी असल्यामुळे घटलेली संख्या भरून यायला वेळ लागतो. शिवाय कपार गाळाने बुजली, तर घर आणि पाळणा दोन्ही एकदमच जातात. त्या कपारी स्वच्छ राखण्याचे काम वाहते पाणी करते.

नेमका तो प्रवाहच आता आटला आहे. 11,233 मेगावॅट क्षमतेच्या बेलो मोन्ती जलविद्युत प्रकल्पासाठी नदीचे 80 टक्क्यांपर्यंत पाणी या वळणाला टाळून कालव्याने नेले जाते. शौकिनांच्या टाक्यांसाठी होणाऱ्या बेसुमार पकडीवर ब्राझीलने निर्बंध घातले आणि 2022 मध्ये पनामा येथे भरलेल्या, वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ कराराच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले. ते आवश्यकच होते. परंतु बंदी माशाला जाळ्यापासून वाचवते, कपारीतला गाळ धुऊन नेत नाही. त्यासाठी व्होल्ता ग्रांजीत किती पाणी सोडावे आणि ते वर्षाच्या कोणत्या काळात सोडावे, यावरच तेथील लढा चालू आहे.