टॅपआउट

टॅपआउट : ठोसे, लाथा आणि पकडी यांचा मेळ असलेल्या मिश्र युद्धकलेच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, एमएमए) शौकातून जन्मलेला अमेरिकी कपड्यांचा ब्रँड. चार्ल्स लुईस आणि डॅन कॅल्डवेल यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे तो सुरू केला. पुढे टिम कॅट्झ त्यांना येऊन मिळाले. मास्क, पंकॅस आणि स्कायस्क्रेप या टोपणनावांनीच हे तिघे ओळखले जात. गळा आवळला गेला किंवा हात मुरगळला गेला की लढवय्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर वा मॅटवर थाप मारून हार कबूल करतो. ब्रँडचे नाव त्या थापेवरून घेतले आहे.

लुईस आणि कॅल्डवेल स्वतः ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या युद्धविद्येचा सराव करत. यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) या एमएमए सामने भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हर येथे झाली. अंगाने किरकोळ असलेल्या रॉइस ग्रेसी यांनी तीत जमिनीवरच्या पकडींच्या जोरावर भारी प्रतिस्पर्ध्यांना नमवले. त्यानंतर अमेरिकेत या विद्येचे वेड पसरत गेले, पण खेळाला मान्यता मिळाली नाही. सेनेटर जॉन मकेन यांनी या लढतींना माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि १९९६ मध्ये सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून बंदीची मागणी केली. अनेक राज्यांनी बंदी घातली. केबल कंपन्यांनीही प्रक्षेपण थांबवले. कॅलिफोर्नियात शौकीन होते, जिमखाने होते, पण नियमांखाली सामने भरवायची सोय नव्हती. तिथले सामने मूलनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशांतील कॅसिनोंत होत, कारण तिथे राज्याच्या क्रीडा आयोगाची सत्ता चालत नसे. सॅन बर्नार्डिनोच्या शेजारच्या परगण्यातील सोबोबा कॅसिनो हे त्यांतले एक गाजलेले ठिकाण.

अशा दिवसांत, जिथे सामने असतील तिथे गाडी न्यायची आणि डिकी उघडून टी-शर्ट विकायचे, असा या धंद्याचा प्रारंभ झाला. त्या वेळी या खेळाचे कपडे दुकानात मिळतच नव्हते. कराटे किंवा जुडोचा पोशाख तालमीत शोभतो, रस्त्यावर घालता येत नाही. टॅपआउटच्या ठळक छपाईच्या टी-शर्टमुळे हा खेळ जाणणाऱ्या माणसाला अनोळखी गर्दीतही आपल्यातला माणूस हेरता येऊ लागला. ब्रँडच्या यशाचे खरे कारण इथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे. मोठे प्रायोजक या खेळाच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते, तेव्हा टॅपआउट लढवय्यांना कपडे आणि जमेल तितका पैसा देत असे. तुटपुंज्या मानधनावर पिंजऱ्यात, म्हणजे जाळीने वेढलेल्या आखाड्यात, उतरणाऱ्या मुलांना त्या मदतीचे मोल फार होते, आणि ती त्यांच्याच खेळातल्या माणसांकडून येत होती. लुईस चेहरा रंगवून सामन्यांना हजर राहत. हळूहळू त्यांचा तो रंगवलेला चेहराच ब्रँडची ओळख झाला.

१९९९ मध्ये विक्री जेमतेम तीस हजार डॉलरच्या आसपास होती. जानेवारी २००५ मध्ये ‘द अल्टिमेट फायटर’ ही स्पर्धामालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि खेळ घराघरांत पोहोचला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाने नियमबद्ध सामन्यांना परवानगी दिली. २००७ मध्ये विक्रीने दोन कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी व्हर्सस वाहिनीवर तिघांचा स्वतःचा कार्यक्रम आला. बसमधून देशभर हिंडत ते नवे लढवय्ये शोधत. कधी मॅटवर पाय न ठेवलेले तरुणही मॉलमधून हा शर्ट विकत घेऊ लागले. जुन्या शौकिनांपैकी काहींना ते खटकले, आणि त्यांचे खटकणे समजण्यासारखे आहे.

११ मार्च २००९ रोजी न्यूपोर्ट बीच येथे मोटार अपघातात लुईस यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये यूएफसीने त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान दिले. स्वतः पिंजऱ्यात न लढलेल्या व्यक्तीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्यांनी खेळाच्या पडत्या काळात लढवय्यांना हात दिला, त्यांच्यासाठी हा सन्मान अगदी रास्त होता.

सप्टेंबर २०१० मध्ये ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुप या कंपनीने टॅपआउट विकत घेतले. २०१५ मध्ये मनोरंजन-कुस्तीच्या क्षेत्रातील डब्ल्यूडब्ल्यूई त्यात निम्म्याची भागीदार झाली आणि ब्रँड सर्वसाधारण व्यायामाच्या कपड्यांकडे वळला. जुलै २०१५ पासून यूएफसीने लढवय्यांना रीबॉकचा एकसारखा पोशाख सक्तीचा केला. लढवय्याने आपापले प्रायोजक मिळवून त्यांच्या चिन्हांसह पिंजऱ्यात उतरण्याची पद्धत त्यामुळे तिथे संपली. टॅपआउटसारखे छोटे ब्रँड याच पद्धतीवर वाढले होते. एप्रिल २०२१ मध्ये रीबॉकची जागा व्हेनमने घेतली. ही कंपनीही लढतींचे साहित्य बनवतच मोठी झालेली आहे.