कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून गाडी आणू नका
जुनी बुलेट आणि आरएक्स १०० चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"स्लोला उभी राहत नाही, सिग्नलला बंद पडते. तेवढं कार्बोरेटर ट्यून करून द्या, मी इथंच थांबतो." असं सांगत येणाऱ्या दहांपैकी बहुतेक गाड्यांचे दोन्ही स्क्रू आधीच कुणीतरी फिरवलेले असतात. कधी मालकानं घरी, कधी वाटेतल्या मिस्त्रीनं. तिथून पुढं आमचा निम्मा दिवस जातो आणि त्याचे पैसे तुम्हाला पडतात. म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्यावर बाहेरून फिरणारे स्क्रू दोन. मोठा स्क्रू स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त उघडणारा आतला सरकता भाग, वर उचलून धरतो, त्यानं रेस (इंजिनाचा वेग) कमी-जास्त होते. लहान स्क्रू मिश्रणाचा. बुलेटच्या मिककार्ब कार्बोरेटरला आणि आरएक्सला तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणजे तो हवा सोडतो. आवळला की हवा कमी होऊन पेट्रोल वरचढ होतं, सोडला की उलट. काही गाड्यांत हाच स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तिथं पेट्रोल सोडतो. अशा गाडीवर सगळं उलटं चालतं. एका गाडीवर शिकलेली युक्ती दुसरीवर केली की गाडी आणखी बिघडते, ती यामुळेच.

हा लहान स्क्रू आम्हाला फार उपयोगी पडतो, पण तुम्ही हात लावला नसेल तरच. गाडी आली की आम्ही तो हलक्या हातानं आत टेकेपर्यंत फिरवतो आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवतो. साधारण दीड फेरा असेल तर ठीक. गाडी चांगली चालावी म्हणून तो जवळजवळ पूर्ण आवळावा लागला असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: एक तर स्लोचा जेट (अॅक्सिलरेटर सोडलेला असताना पेट्रोल देणारा बारीक भोकाचा भाग) तुंबलाय, नाहीतर कुठून तरी जादा हवा आत ओढली जातेय. तीन फेरे सोडावा लागला असेल, तर पेट्रोल जास्त होतंय: चोकच्या (गार इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणाऱ्या सोयीच्या) प्लंजरचं रबर गेलंय, फ्लोटची (वाटीतलं पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चुकलीय किंवा कुणीतरी मोठा जेट बसवलाय. गाडी उघडण्याआधीच एवढं कळतं. स्क्रू अंदाजानं फिरवला की ही खूण पुसली जाते. जोरात आवळला तर त्याच्या टोकाला कडं पडतं आणि मग तो कधीच नीट सेट होत नाही. असे बाद झालेले स्क्रू आमच्याकडे डबाभर आहेत. हवं तर बघायला या.

मोठ्या स्क्रूची गोष्ट वेगळी. तो आवळला की गाडी बंद पडायची थांबते, म्हणून माणसाला वाटतं दुरुस्त झाली. खरं म्हणजे स्लाइड एवढी वर गेलेली असते की स्लोचा मार्ग बाजूला राहतो आणि इंजिन पुढच्या मार्गातून पेट्रोल ओढायला लागतं. गार असताना बरं चालतं. पाच-सात किलोमीटरनंतर इंजिन तापलं की रेस आपोआप चढते, अॅक्सिलरेटर सोडला तरी खाली येत नाही, उतारावर इंजिनाचा ब्रेक लागत नाही. घाट उतरताना हे धोक्याचं आहे. आरएक्समध्ये तर पेट्रोल कमी, हवा जास्त अशा अवस्थेत गाडी ताणली की पिस्टन सिलिंडरमध्ये पकडतो. दहा मिनिटांच्या कामाचं बोअरिंगचं (सिलिंडर आतून घासून घ्यायचं) काम होतं.

आता मूळ दोष कुठं सापडतो ते सांगतो, कारण तो कार्बोरेटरमध्ये असतोच असं नाही. बुलेटमध्ये आम्ही आधी पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा भाग, बघतो. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावा लागतो. पॉइंट जळलेला किंवा त्याच्या जोडीचा कंडेन्सर गेलेला असला तर कितीही ट्यूनिंग करा, गाडी मिसिंग करणारच. जुन्या कास्ट आयर्न इंजिनात ऑटो अॅडव्हान्सच्या (वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणाऱ्या भागाच्या) स्प्रिंग सैल होतात आणि रेस खालीच येत नाही. लोक त्याला कार्बोरेटर समजतात. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक, गार इंजिनावरच बघायचे: पुशरॉड बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आरएक्सला मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीचं) रबर तडकलेलं असतं, नाहीतर मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील हवा ओढत असतं. गाडी चालू ठेवून सांध्यांवर स्प्रे मारला आणि रेस बदलली, की चोर सापडला. हे सगळं झाल्यावर मगच आम्ही कार्बोरेटर खोलतो. "साधं ट्यूनिंग होतं, एवढा वेळ का?" असं विचारणाऱ्यांना आमचं हेच उत्तर असतं.

जेटमध्ये पिन किंवा तार घालू नका. स्लोच्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं आणि पितळ मऊ असतं. तारेनं ते एकदा मोठं झालं की ती गाडी कायम पेट्रोल खाते आणि प्लग काळा करते. आम्ही जेट क्लीनरमध्ये भिजवतो, हवेनं फुंकतो, उजेडाकडे धरून बघतो. तरी भोक गोल दिसलं नाही तर नवीन घालतो. नवा जेट काही महाग नसतो.

पेट्रोलबद्दलही बरेच जण विचारतात. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी धरतं, जुनं रबर फुगवतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण पूर्वीपेक्षा हवेकडे झुकतं. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांतला सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. म्हणून गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेल. पावसाळ्यात हे चुकवू नका. इथेनॉलला चालतील अशा ओ-रिंग, नळ्या आणि फ्लोट नीडल आमच्याकडे ठेवलेल्या असतात. जुन्या गाडीत एकदा बदलून घेतल्या तर बरं.

बुलेटवाल्यांची आणखी एक मागणी असते: ठोका मोजता आला पाहिजे एवढी स्लो करून द्या. ऐकायला छानच वाटतं, आम्हालाही आवडतं. पण इतक्या कमी रेसवर ऑइल पंप वर रॉकरपर्यंत पुरेसं ऑइल पोचवत नाही आणि बॅटरी चार्ज होत नाही. तसं आम्ही करून देत नाही, कुणी नाराज झालं तरी.

घरी तुम्ही एवढं जरूर बघा: पेट्रोल ताजं आहे का, चोक पूर्ण बंद होतो का, फिल्टर भरलाय का, प्लग काळा आहे की पांढरट. हँडल डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर रेस बदलत असेल तर केबल ताणलेली आहे, तेवढं सांगून ठेवा. स्क्रूना मात्र हात नको. फिरवले असतीलच तर तसं सांगा, आम्ही रागवत नाही, वेळ वाचतो.

गाडी शक्यतो संध्याकाळी सोडा. सकाळी गार इंजिनावर पहिली किक आम्हालाच मारायची असते, कारण निम्मे दोष गाडी गरम झाल्यावर लपतात. शेवटचं ट्यूनिंग दहा-पंधरा मिनिटं चालवून तापलेल्या इंजिनावरच होतं. तपासणीचे पैसे घेतो. काम आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा होतात. बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत देतो. जेटचे नंबर आणि स्क्रूचे फेरे लिहिलेलं एक कार्डही टूलबॉक्समध्ये ठेवतो, पुढच्या वेळी येताना ते गाडीतच असू द्या.