ठोका चाकाशी जुळवताना: मॉडेल वाफेच्या इंजिनांतील आवाजाची पार्श्वभूमी

दोन सिलिंडरचे वाफेचे इंजिन चाकाच्या एका फेरीत चारदा भकभकते. प्रत्येक पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ मिळते आणि डाव्या-उजव्या चाकांचे क्रँक एकमेकांपासून ९० अंशांवर असतात, म्हणून चार. तीन सिलिंडर असतील तर सहा. ब्रिटनच्या सदर्न रेल्वेच्या लॉर्ड नेल्सन या चार सिलिंडरच्या इंजिनांच्या वर्गात क्रँक १३५ अंशांवर ठेवले होते, त्यामुळे आठ. मॉडेलचा आवाज अस्सल वाटतो की नाही, हे शिट्टीपेक्षा या ठोक्यांवर ठरते.

शिट्टी मात्र आधी आली. १९३५ मध्ये खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या लायोनेल कंपनीने टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) मोटरवर चालणारा पंखा बसवून खरी हवेची शिट्टी वाजवली. ठोक्याला चाकाशी बांधण्याचे काम १९७० च्या दशकात पॅसिफिक फास्ट मेल या मॉडेल रेल्वे कंपनीच्या यंत्रणेने केले. आसावर कॅम (उंचवटे असलेली चकती), त्याला टेकलेली पातळ पत्ती. फेरीत चारदा संपर्क जुळला की रुळाबाहेरच्या पेटीत आवाज तयार होई आणि रुळांतूनच टेंडरमधल्या स्पीकरपर्यंत जाई. वाटेतला कपॅसिटर मोटरचा डीसी प्रवाह अडवून फक्त आवाज पुढे सोडत असे. पत्ती वाकली किंवा तेलकट झाली की ठोका गळायचा. पण चाक थांबले की ठोकाही थांबे, आणि ही शिस्त पुढे बराच काळ हरवली.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेच्या छंदवाल्यांच्या संस्थेने जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले डीसीसी मानक, म्हणजे रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश पाठवण्याची पद्धत, स्वीकारले. पाठोपाठ साउंडट्रॅक्स आणि ईएसयू या कंपन्यांचे आवाजी डिकोडर, म्हणजे इंजिनात बसून ते आदेश पाळणारी आणि आवाज काढणारी सर्किटे, आले. मूळ मानक मात्र आवाजाचा विचार करून आखलेले नव्हते, आणि त्याचा त्रास आजही होतो. डिकोडरच्या सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या रुळावर, म्हणजे प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, प्रवाहाची मर्यादा २५० मिलिअँपिअरची. डिकोडर उत्तर देतो ते ६० मिलिअँपिअरचा झटका ६ मिलिसेकंद ओढून. आवाजी डिकोडरचे कपॅसिटर भरतानाच जास्त प्रवाह खातात, मग सीव्ही (डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) वाचता येत नाही आणि डिकोडर जळाला असे वाटते. बहुतेकदा तो धडधाकट असतो. प्रोग्रॅमिंग ट्रॅकसाठीचा बूस्टर लावला की वाचन सुरळीत होते.

कॅम गेला, त्या जागी अंदाज आला. डिकोडर क्षणभर मोटरचा पुरवठा तोडतो, फिरत्या मोटरने उलट निर्माण केलेले व्होल्टेज मोजतो आणि त्यावरून चाकाचा वेग ठरवतो. म्हणून आधी मोटर, मग ठोके, हा क्रम मोडू नये. ईएसयूच्या लोकसाउंड ४ आणि ५ या डिकोडरमध्ये सीव्ही ५४ मध्ये ० लिहून कंट्रोलरवरचे एफ१ बटण दाबले की इंजिन थोडा वेळ पूर्ण वेगाने धावून मोटरचे मोजमाप घेते. पुढे पुरेसा सरळ रूळ मोकळा ठेवा. मग चाकावर खडूची खूण करून पहिल्या स्पीड स्टेपला (वेगाच्या पहिल्या पायरीला) एका फेरीत ठोके मोजावेत. पाच आले तर ठोक्यांमधले अंतर ठरवणारा सीव्ही ५७ वाढवायचा, तीन आले तर कमी करायचा. नंतर वरच्या वेगासाठी सीव्ही ५८. सुरुवातीचा वेग ठरवणारा सीव्ही २ नंतर बदलला, तर हे सारे पुन्हा करावे लागते.

हळू चालीत मात्र हा अंदाज घसरतो, आणि नेमके तेव्हाच प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. १.८३ मीटर व्यासाचे चाक ताशी २० किलोमीटरला सेकंदाला जेमतेम चार ठोके देते, ६० ला साडेअकरा. तिथे चूक कानाला कळत नाही. त्यामुळे शंटिंगच्या इंजिनात आसावर चुंबक आणि तो जवळून गेला की संकेत देणारा हॉल सेन्सर लावणे आम्हाला कधीही श्रेयस्कर वाटते. कॅमच तो, फक्त घासत नाही.

स्पीकरचा इतिहासही ध्यानात ठेवावा. लोकसाउंड ३.५ ला १०० ओहमचा स्पीकर लागे. त्यावर आजचा ८ ओहमचा जोडला तर अँप्लिफायर जळतो. आणि स्पीकरमागची डबी सगळीकडून हवाबंद हवी. वायर जाण्याच्या भोकातून स्पीकरच्या पडद्यामागची हवा पुढे आली, तर पुढच्या लहरीला मागची लहर खाते आणि भकभक जाऊन नुसती फुसफुस उरते.