हातावरचे केस उतरवणारं पातं नव्वद अंशांत वाकतं कसं?

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची 'जर्नीमन स्मिथ' ही पायरी गाठायची तर उमेदवाराला स्वतः घडवलेली सुरी एखाद्या मास्टर स्मिथच्या कार्यशाळेत नेऊन तिची पार वाट लावावी लागते. पातं दहा इंचांहून लांब नको, दोन इंचांहून रुंद नको. आधी मोकळा लोंबकळणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग 'दोन बाय चार'चं लाकूड (नाव तसं, प्रत्यक्षात ते दीड बाय साडेतीन इंच भरतं) घाव घालत दोनदा आरपार तोडायचं. एवढी तोडातोड झाल्यावर पात्याच्या त्याच भागाने हातावरचे केस साफ निघाले पाहिजेत. शेवटी तेच पातं व्हाइसमध्ये आवळून नव्वद अंशांपर्यंत वाकवायचं. मोडलं की नापास. यातून पार पडल्यावर उमेदवाराच्या आणखी पाच सुऱ्या परीक्षकांपुढे जातात. तिथे सफाई आणि घडण पाहतात.

ही संस्था अमेरिकन सुरीकार बिल मोरन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये काढली. परीक्षेत खरी गोम अशी की धारेला हवी कठीणपणाची कमाल आणि वाकायला हवा मऊपणा, तेही एकाच पोलादात. दमास्कसचे, म्हणजे वेगवेगळी पोलादं एकत्र ठोकून जोडलेले, थर या पायरीला चालत नाहीत. ते पुढच्या, मास्टरच्या परीक्षेत लागतात आणि तिथे ते निदान तीनशे असावे लागतात.

नवशिक्याचा सगळा जीव घणात अडकलेला असतो. घडाई महत्त्वाची आहेच, पण ती चुकली तर बहुधा पातं वाकडं होतं, एवढंच. ताव, म्हणजे तापवणं-निववणं, चुकला तर पातं निकामी होतं, आणि दिसायला मात्र तसंच देखणं राहतं.

पोलाद निवडताना शिकाऊ माणसाला बहुतेकदा ५१६० या क्रमांकाचं पोलाद सुचवलं जातं. त्यात कार्बन ०.५६ ते ०.६४ टक्के आणि क्रोमियम ०.७ ते ०.९ टक्के असतं. क्रोमियम असल्याने ते थोडं सावकाश थंड झालं तरी कडक होतं, म्हणजे पाण्याऐवजी तेलावर भागतं. मोटारींच्या कमानपाट्यांसाठी हे पोलाद मुद्दाम वापरतात. आपल्याकडचे लोहारही कोयते-विळे भंगारातल्या कमानपाट्यांतूनच घडवतात. मात्र प्रत्येक पाटा ५१६० नसतो. सिलिकॉन-मँगनीजचेही पुष्कळ असतात. शिवाय वर्षानुवर्षं खड्ड्यांतून गेलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. म्हणून भंगारातला पाटा घेतला तर आधी बोटभर तुकडा कापून, तापवून तेलात विझवावा, फडक्यात गुंडाळून हातोड्याने मोडावा आणि मोडलेली कड पाहावी. काच फुटावी तसा तडकन मोडला तर पोलाद कडक होतंय. वाकला तर तो सुरीच्या कामाचा नाही.

घडाई १०५० ते ११५० अंश सेल्सिअसला, म्हणजे नारिंगी ते पिवळसर रंगावर करायची. रंग काळपट लाल झाला की घण थांबवायचा. थंडावलेल्या पोलादावर मारलेले घाव आत भेगा पाडतात. उलट भट्टीत पात्यातून ठिणग्या उडायला लागल्या तर पोलाद जळलं. तो भाग कापून टाकावा, त्यावर उपाय नाही. आणखी एक गोष्ट अनुभवी कारागीर आधीच सांगून ठेवतात: धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि सरळ पातं पाठीकडे वळतं. म्हणून उतार काढण्यापूर्वीच पात्याला धारेच्या दिशेने बाक देऊन ठेवतात. ठोकता ठोकता ते आपोआप सरळ होतं. मुठीत जाणारं शेपूट आणि पातं जिथे मिळतात तिथे काटकोनी खाच ठेवू नये. निदान दोन-तीन मिलिमीटरची गोलाई असावी. ताण कोपऱ्यात साठतो आणि पातं मोडायचं झालं तर बहुधा तिथूनच मोडतं.

घडाईच्या तापमानाला पोलादातले कण वाढत जातात. कण जितके मोठे तितकं पोलाद ठिसूळ. ते पुन्हा बारीक करायला पातं तीनदा तापवून हवेत निवू देतात: पहिल्यांदा साधारण ८७० अंशांना, मग ८४०, मग ८१०. दर वेळी लाली पूर्ण जाऊन पातं काळं पडेपर्यंत थांबायचं. हे नॉर्मलायझिंग. दिसायला काहीच घडत नाही, म्हणून नवशिके ते गाळतात. परीक्षेत मोडलेलं पातं हातात आलं की आधी संशय घ्यावा तो इथे.

मग घासकाम. धार अजून काढायची नाही; कड सव्वा ते दीड मिलिमीटर जाड ठेवायची. फार पातळ ठेवली तर तेलात ती नागमोडी होते. शेवटचे ओरखडे पात्याच्या लांबीच्या दिशेने असावेत, कारण आडवा खोल ओरखडा म्हणजे भेगेला दिलेलं आमंत्रण.

आता पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं एकदम विझवून कडक करणं. इथे ते तेल असलं तरी. पोलाद ७७० अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं. पण चुंबक सुटला की झालं, हे अर्धसत्य आहे. ५१६०ला साधारण ८३० अंश लागतात आणि तिथे ते काही मिनिटं टिकावे लागतात. पायरोमीटर (भट्टीतलं तापमान मोजणारं उपकरण) नसेल तर कार्यशाळेत अंधार करून पात्याकडे टक लावून बघावं. रंग उजळत असताना आतून काळसर सावल्या सरकताना दिसतात. पोलादाच्या आतली रचना बदलून ऑस्टेनाइट होताना ते उष्णता गिळतं, त्यामुळे तेवढा भाग क्षणभर मागे राहतो. सावली टोकापासून मुठीपर्यंत पूर्ण विरली, सगळीकडे एकसारखा रंग आला आणि त्यानंतर आणखी थोडा चढला, की पातं तयार. सावली शिल्लक असताना विझवलं तर तेवढा पट्टा मऊच राहतो.

तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं असावं. हे ऐकून लोक चमकतात, पण कोमट तेल पातळ असतं, पात्याभोवतीची वाफेची खोळ लवकर फुटते आणि पातं अधिक वेगाने निवतं. एका सुरीला चार-पाच लिटर तेल हवं, भांडं धातूचं आणि त्याला बसणारं झाकण हाताशी. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी अजिबात नाही. पातं टोकाकडून उभं बुडवावं आणि धार-पाठ या दिशेने पुढे-मागे हलवावं. डावीकडे-उजवीकडे हलवलं तर एक बाजू आधी निवते आणि पातं पिळतं.

आत काय होतं? ऑस्टेनाइटमध्ये विरघळलेल्या कार्बनला निवताना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकून पडतो, लोखंडाची जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होतं. कठीणपणा या ताणातून येतो. मार्टेन्साइट आधीच्या रचनेपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून पातं फुगतं. पाण्यासारख्या वेगवान द्रवात कड आधी कडक होते, गाभा मागाहून फुगतो, आणि 'टिक्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की ते पातं संपलं. ५१६०मध्ये हा बदल अडीचशे अंशांच्या आसपास सुरू होतो. म्हणून त्याच सुमारास पातं तेलातून काढलं तर ते सरळ करायला थोडा वेळ मिळतो. जाड चामडी हातमोजे घालून हळूच दाबायचं. हातात ते आखडत चाललेलं जाणवलं की थांबायचं.

मग कानस फिरवून पाहावी. ती घसरली तर पातं कडक झालं. वरची अगदी पातळ साल भट्टीत कार्बन गमावून मऊ झालेली असते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. दोन-चार हात जोर लावून मग ठरवावं.

या अवस्थेतलं पातं फरशीवर पडलं तरी तुटू शकतं. तासाभरात ते २०० ते २०५ अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवावं, निवू द्यावं आणि हे पुन्हा एकदा करावं. कठीणपणा रॉकवेल मापावर ५७-५८च्या घरात उतरतो. घरगुती ओव्हनचा काटा भरवशाचा नसतो, आत वेगळा तापमापक ठेवलेला बरा. धार २६०च्या पुढे जाऊ देऊ नये. कठीणपणा तर जातोच, शिवाय तिथून साधारण ३७० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात पोलाद उलट ठिसूळ होतं.

वाकवण्यासाठी पाठ वेगळी मऊ करतात. धार पाण्याच्या परातीत बुडवून ठेवायची आणि पाठीवर गॅसची ज्योत फिरवायची. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग धावतात. बरेच जण निळ्यावर, म्हणजे तीनशेच्या आसपास, थांबतात. पण हा रंग त्या ठिसूळ पट्ट्यातच येतो. निळा ओसरून करडा झाल्यावरही थोडं पुढे जाणं अधिक शहाणपणाचं. दुसरी रीत म्हणजे विझवतानाच फक्त धारेची बाजू तेलात बुडवायची. आयटीआयमध्ये छिन्नीला पाणी देताना फक्त टोक बुडवतात, तत्त्व तेच.

वाकवताना एक गोष्ट गोंधळात टाकते. मऊ पाठीचं पातं वाकायला सुरुवातीला अजिबात सोपं नसतं. पोलाद कडक असो की मऊ, त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. मऊ पाठ फक्त आधी नमते आणि मोडायच्या ऐवजी वाकलेली राहते. ताठपणा ठरतो जाडीच्या घनावर. पाच मिलिमीटरचं पातं सहाचं केलं तर वाकवायला सुमारे पावणेदोन पट जोर लागतो आणि त्याच वळणावर बाहेरच्या पृष्ठभागावर ताणही जास्त येतो. म्हणून मुठीपासून टोकाकडे जाडी कमी करत नेलेलं पातं पास होण्याची शक्यता अधिक. हीच पातळ घडण दोर तोडायलाही कामी येते. धारेच्या मागे पातं जाड असेल तर ते दोरात पाचरीसारखं अडकतं, धार कितीही लागलेली असो.

पातं मोडलंच, तर तुकडे फेकून न देता मोडलेला भाग भिंगाखाली न्यावा. गुळगुळीत, राखाडी दिसला तर कण बारीक होते, दोष पाठीच्या कठीणपणात किंवा जाडीत शोधावा. रव्यासारखे चमकणारे दाणे दिसले तर ताव जास्त झाला किंवा नॉर्मलायझिंग गाळलं. आणि मोडीच्या कडेला काही भाग वेगळ्या रंगाचा असेल, तर तो मोडण्याआधीपासूनच तडकलेला होता. तिथे काळी खपली असेल तर भेग घणाखालीच पडली होती. पिवळट-तपकिरी झाक असेल तर ती तेलात पडली आणि नंतर ओव्हनमध्ये रंगली.