तुमचा चेहरा कोणत्या ऋतूचा?

इंदूरच्या सीतलामाता बाजारात हल्ली एक नव्या तऱ्हेचं गिऱ्हाईक दिसू लागलं आहे. साडीचा पदर खांद्यावर टाकून बघण्याआधी ते मोबाइलमधला रंगांचा तक्ता उघडतं. "भैया, ये पीला नहीं, मैं विंटर हूँ." बाहेर मे महिन्याचं ऊन, पारा चाळिशीच्या वर, आणि गिऱ्हाईक विंटर! 'दीदी पे खिलेगा' या एका वाक्यावर इतकी वर्षं धंदा करत आलेल्या दुकानदाराला हे नवं शास्त्र पचायला थोडा वेळ लागणारच.

या शास्त्राचं नाव सीझनल कलर ॲनालिसिस. त्याचं म्हणणं असं, की त्वचेच्या गोऱ्या-सावळ्या रंगाखाली एक 'अंडरटोन' असतो. तो पिवळसर असेल तर 'उबदार', गुलाबी-निळसर असेल तर 'थंड'. त्यात केसांचा आणि डोळ्यांचा रंग मिळवला की माणूस वसंत, उन्हाळा, पानगळ किंवा हिवाळा यांपैकी एका खान्यात बसतो. आपल्या खान्यातले रंग घातले तर चेहरा खुलतो, दुसऱ्याचे घातले तर तो ओढलेला, आजारी दिसतो. आता या चार खान्यांचे बारा उपखाने झाले आहेत. कोरियात याचे स्टुडिओ आहेत, आणि तिथून रील्समार्फत हे आपल्या मुलींपर्यंत आलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. कपड्याच्या रंगाने चेहरा वेगळा दिसतो, यात शंका नाही. पण तो ज्या कारणांनी वेगळा दिसतो, त्यांत हे चार खाने कुठेच येत नाहीत.

खाने आले कुठून? योहानेस इटेन हा स्विस चित्रकार 1919 ते 1923 या काळात जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेत शिकवत होता. विद्यार्थ्यांना आवडीचे रंग लावायला सांगितले, की ते रंग बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या केसांशी, त्वचेशी जुळतात, असं त्याचं निरीक्षण होतं. रंगसंगती समजावताना त्याने चार ऋतूंचाही आधार घेतला. पुढे अमेरिकेत त्यातून कपड्यांचा सल्ला देण्याचा व्यवसाय उभा राहिला, आणि 1980 साली कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकाने तो घराघरांत नेला. हे सगळं रचलं गेलं ते सोनेरी, तांबूस, तपकिरी अशा नाना रंगांचे केस आणि निळे-हिरवे-घारे डोळे असलेल्या समाजात. काळे केस आणि गडद डोळेवाल्यांची, म्हणजे जवळजवळ अख्ख्या आशिया-आफ्रिकेची, रवानगी त्यात बहुतेक हिवाळ्यात होते. रामबागेतल्या एखाद्या मराठी घरात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या 'विंटर' निघाल्या, तर त्या वर्गीकरणाने त्या घराला नवं काय सांगितलं?

आता त्वचेकडे वळू. तिचा रंग ठरवणारी द्रव्यं मोजकीच आहेत. मेलॅनिन दोन प्रकारचं: काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळं फिओमेलॅनिन. त्याखाली रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि थोडा वाटा गाजर, पपई, आंबा यांतून येणाऱ्या कॅरोटिनॉइड्सचा. प्रत्येक द्रव्य कुणात कमी, कुणात जास्त. त्वचारोगाच्या संशोधनात रंग यंत्राने मोजतात, तेव्हा तीन आकडे मिळतात: उजळपणा, लाल-हिरव्या अक्षावरची जागा आणि पिवळ्या-निळ्या अक्षावरची जागा. हजारो माणसांचे आकडे आलेखावर मांडले तर एक सलग ढग तयार होतो. इथे 'उबदार' संपले, तिथून 'थंड' सुरू झाले, अशी रेघ त्यात सापडत नाही. शिवाय हा ढग सगळाच्या सगळा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या पट्ट्यात असतो. निळ्या बाजूची त्वचा कुणाचीच नसते. 'थंड अंडरटोन' म्हणजे फार तर शेजारणीपेक्षा किंचित कमी पिवळी. आणि हे आकडेही स्थिर नसतात. उन्हात फिरलं की मेलॅनिन वाढतं, दोन जिने चढलं की गालांवर रक्त येतं.

मग अंडरटोन ओळखायचा कसा? सगळीकडे सांगितली जाते ती मनगटाची परीक्षा. शिरा निळ्या-जांभळ्या दिसल्या तर थंड, हिरव्या दिसल्या तर उबदार. ही परीक्षा मला फार आवडते, कारण ती ज्या गोष्टीवर उभी आहे तीच मुळात डोळ्यांची फसवणूक आहे. शिरेतलं रक्त निळं नसतं, ते काळपट लाल असतं. लाल प्रकाश त्वचेत खोलवर शिरतो, निळा वरच्या वरच विखरून परत येतो. जिथे शीर आहे तिथे खोल गेलेला लाल प्रकाश रक्तात शोषला जातो. निळ्यावर मात्र शिरेचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे शिरेवरून परत येणाऱ्या प्रकाशात लालाचं प्रमाण आजूबाजूच्या त्वचेपेक्षा घटतं. 1996 साली किनले या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. गंमत म्हणजे 'निळ्या' शिरेवरूनही निळ्यापेक्षा लाल प्रकाशच जास्त येत असतो. शेजारच्या जास्त लाल त्वचेशी तुलना करून मेंदू तिला निळी ठरवतो. म्हणजे शीर कशी दिसेल हे ती किती खोल आहे, किती जाड आहे, वर मेलॅनिन किती आहे आणि दिवा कोणता आहे यावर ठरतं. सावळ्या मनगटावर तर ती धड दिसतच नाही. यावरून दिवाळीची साडी ठरवायची असेल तर ठरवा बापड्या.

पण शेजारच्या रंगाने रंग बदलतो, हा जो धागा इथे हाती लागला, तोच या सगळ्या प्रकरणातला खरा ऐवज आहे. त्याची गोष्ट एका विणकामाच्या कारखान्यातली आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणले जात. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून तिथल्या रंगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली, की काळा रंग हवा तितका काळा उतरत नाही. त्यांनी सूत तपासलं, तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की तोच काळा विटका दिसत होता. यातून त्यांनी 1839 साली रंगांच्या परस्पर-कॉन्ट्रास्टचा नियम मांडला. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. गडदाशेजारी फिकं आणखी फिकं वाटतं. लालाशेजारचा करडा किंचित हिरवट वाटतो. कोणत्या चेहऱ्याला कोणत्या रंगाची टोपी, कोणतं वस्त्र, याचीही चर्चा त्यांनी त्याच ग्रंथात केली आहे. पुढे सूरा या फ्रेंच चित्रकाराने ठिपक्यांची चित्रं काढली ती याच नियमांचा अभ्यास करून. इंदूरकरांना हे परकं वाटायला नको. देवळालीकरांनी 1927 साली इथे सुरू केलेल्या कलाशाळेतून घडलेल्या चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांनीही उत्तरायुष्यात ठिपक्यांनी चित्रं रंगवली.

कॉन्ट्रास्टच्या जोडीला कपडा आणखी एक काम करतो. तो प्रकाश वर फेकतो. पांढरं सुती कापड पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 80 टक्के परत पाठवतं, काळं जेमतेम 5. दुपारच्या उन्हात प्रकाश डोक्यावरून येतो, डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावली पडते. पांढरा कुर्ता ती सावली भरून काढतो. लग्नातला फोटोग्राफर रिफ्लेक्टर धरायला माणूस उभा करतो, तो याचसाठी. कापड रंगीत असेल तर वर जाणारा प्रकाशही रंगीत असतो. भर उन्हात राणी रंगाचा पदर गळ्याशी घ्या, हनुवटीखाली गुलाबी झाक येते.

आता या दोन गोष्टी एकत्र पाहा. लाल पदराचा कॉन्ट्रास्ट चेहऱ्याला लालापासून दूर ढकलतो. त्याच पदरावरून उडालेला प्रकाश त्याच चेहऱ्याला लालाकडे ओढतो. दोघांत कोण जिंकेल? ते प्रकाश किती प्रखर आहे, कुठून येतो, पदर गळ्याशी आहे की खांद्यावर, मधे केस मोकळे आहेत का, यावर अवलंबून आहे. म्हणून एकच कोनफळी साडी हळदीच्या मांडवात खुलते आणि रिसेप्शनच्या हॉलमध्ये फिकी पडते. साडी तीच, चेहरा तोच. कायमचा ठरलेला कोणताही 'सीझन' याचं उत्तर देऊ शकत नाही.

दिव्यांबद्दल शास्त्रज्ञांआधी मॅचिंग सेंटरवाल्यांना जास्त कळलेलं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमसुली साडीला टू-बाय-टूचा ब्लाउजपीस लावून बघताना तो स्वतःच म्हणतो, "बाहर उजाले में देख लो." कारण दुकानातल्या एलईडीखाली तंतोतंत जुळलेले दोन कपडे रस्त्यावर आल्यावर भांडू शकतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. प्रकाशातल्या असंख्य तरंगलांबींचा हिशेब त्या तीन आकड्यांत गुंडाळतात. कापड रंगवणारे दोन निराळे डाय एका दिव्याखाली तेच तीन आकडे देतात, दुसऱ्या दिव्याखाली नाही. याला मेटॅमेरिझम म्हणतात. जुन्या पिवळ्या बल्बचं रंगतापमान (आकडा जितका लहान, तितका प्रकाश पिवळा) 2700 केल्विनच्या आसपास, पांढऱ्याशुभ्र एलईडीचं 6500. तुमची 'कलर टेस्ट' यांपैकी कशाखाली झाली? घरी मोबाइलवर झाली असेल तर प्रश्न आणखी वाढतो. कॅमेरा आपल्या मनाने व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची दुरुस्ती, बदलतो. समोर मोठा पिवळा दुपट्टा आला, की तो पिवळेपणा कमी करायला जातो आणि त्या ओघात चेहराही निळसर करून टाकतो. मग ॲप म्हणतं, पिवळा तुम्हाला शोभत नाही.

प्रयोग झालेच नाहीत असं नाही. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात डेव्हिड पेरेट आणि राइनर स्प्रेंगेलमायर यांनी 2021 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या स्त्रियांच्या चेहऱ्यांना शोभेल असा कपड्याचा रंग लोकांनी निवडायचा. एकंदर कौल लाल आणि निळ्याच्या बाजूने पडला. उन्हाने रापलेल्या त्वचेसाठी लोक उबदार रंगांकडे झुकले, फिकट त्वचेसाठी थंड निळ्याकडे. म्हणजे लोकांच्या पसंतीत काही सूत्र आहे. पण चेहरे गोऱ्या स्त्रियांचे होते, चार किंवा बारा ऋतूंची परीक्षा त्यात नव्हती, आणि पसंतीत प्रचलित फॅशनचे संस्कार किती हे वेगळं काढणं अवघड आहे.

मला त्याहून उपयोगी वाटतं ते मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांचं चेहऱ्याच्या कॉन्ट्रास्टवरचं काम. डोळे, भुवया आणि ओठ आजूबाजूच्या त्वचेपेक्षा किती गडद किंवा लाल दिसतात, याचा परिणाम आपण चेहरा किती तरुण मानतो यावर होतो. वयाबरोबर हा फरक कमी होत जातो. काजळ नेमका तोच वाढवतं. सकाळी 'आज बरं नाही का गं?' असं ज्यांना विचारलं जातं, त्यांनी साडी बदलण्याआधी काजळ लावून पाहावं, स्वस्तही पडतं.

आता एक अवघड गोष्ट. 'चेहरा खुलला' म्हणजे नक्की काय झालं? आपल्याकडे बऱ्याचदा त्याचा अर्थ 'उजळ दिसला' असाच असतो. सावळ्या मुलीला भडक रंग नको, फिका पिवळा तर नकोच, हे नियम कोणत्याही कोरियन स्टुडिओच्या आधीपासून आपल्या काकू-मावश्यांकडे होते, आणि त्यांचा उगम रंगशास्त्रात नसून स्थळं बघण्याच्या कार्यक्रमात होता. ऋतूंच्या तक्त्याने ते नियम इंग्रजी नावांनी परत आणले तर त्यात प्रगती काही नाही. काळ्या-तपकिरी त्वचेवर हळदी पिवळा किंवा शुभ्र पांढरा जो जबरदस्त कॉन्ट्रास्ट देतो, तो गोरीला कधीच मिळत नाही.

आणि फॅशन तरी कुणासाठी थांबते? रंगांचे प्रमाण नमुने ठरवणाऱ्या पँटोन कंपनीने 2024 चा रंग म्हणून पीच जाहीर केला, 2025 चा कॉफीसारखा तपकिरी. लग्नांत पेस्टल लेहंगे आले तेव्हा सगळ्याच नवऱ्या पेस्टलमध्ये दिसल्या. अबोली तुमच्या त्वचेच्या उजळपणाच्या फार जवळ गेला, तर कापड आणि चेहरा एकमेकांत मिसळतात, एवढाच त्यातला धोका. उपायही सोपा आहे: गळ्याशी गडद काठ, डाळिंबी ब्लाउज, नाहीतर नुसता ठसठशीत दागिना. रंग चेहऱ्यापासून फूटभर खाली गेला, की त्याचा चेहऱ्यावरचा परिणाम झपाट्याने उतरतो. पँट, परकर, चपला यांना कोणताच ऋतू नसतो.

तरीही ज्यांना आपला रंग पारखायचाच आहे, त्यांनी पैसे न घालवता घरी हे करावं. सकाळी उत्तरेच्या खिडकीशी बसा. पाच-सहा दुपट्टे घ्या. मोबाइलचा व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर (फोटोचा उजेड) लॉक करा, फिल्टर बंद ठेवा, जागा न बदलता प्रत्येक दुपट्ट्यासह फोटो काढा. मग प्रत्येक फोटोची एक प्रत अशी कापा की कापड अजिबात दिसणार नाही, फक्त चेहरा राहील. क्रम उलटसुलट करून दोन्ही संच घरच्यांना, शेजारच्या वहिनींना दाखवा. कोणता फोटो चांगला एवढंच विचारा, का ते सांगू नका. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोंतही सगळ्यांनी एकाच दुपट्ट्याला कौल दिला, तर त्या कापडावरून येणारा प्रकाश तुम्हाला मानवतो. कौल फक्त पूर्ण फोटोंत जुळला, तर ती कॉन्ट्रास्टची किंवा त्या रंगाच्या आवडीची करामत. दोन्हींकडे प्रत्येकाने वेगळाच फोटो निवडला, तर कपाटातलं काहीही बोहारणीला देऊ नका.