न्यूट्रॉन इमेजिंगच्या प्रशिक्षणासाठी अर्ज: कोकणातील अध्यापक, संशोधक आणि तंत्रज्ञांसाठी माहिती

न्यूट्रॉन इमेजिंगच्या, म्हणजे न्यूट्रॉनांच्या झोताने वस्तूच्या आतील भागाची प्रतिमा घेण्याच्या तंत्राच्या, प्रशिक्षणाची सूचना वाचून एखाद्याने स्वतःच अर्ज भरला आणि थेट पाठवून दिला, तर तो अर्ज बहुधा विचारातच घेतला जात नाही. या विषयाचे प्रशिक्षण अणुभट्टीच्या किंवा कणत्वरकाच्या आवारात होते, आणि अशा आवारात प्रवेश व्यक्तीला नव्हे, तर तिच्या संस्थेने केलेल्या नामनिर्देशनाला मिळतो. रत्नागिरी किंवा सावंतवाडीतील महाविद्यालयाचा अध्यापक असो, लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी असो, दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ असो किंवा लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील गुणवत्ता तपासनीस असो, प्रत्येकाच्या अर्जाचे पहिले पाऊल आपल्याच कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर पडते. मुदतीपूर्वीचे सर्वाधिक दिवसही तेथेच जातात, म्हणून पुढील माहिती त्या दृष्टीने वाचावी.

पात्रता समजण्यासाठी तंत्राचा गाभा माहीत असावा लागतो. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉनांशी आंतरक्रिया करतात, त्यामुळे शिसे, लोखंड अशा जड धातूंपुढे ते थबकतात आणि हलक्या मूलद्रव्यांतून सहज निघून जातात. न्यूट्रॉन विद्युतभाररहित असल्यामुळे थेट अणुकेंद्रकाशी भिडतो, आणि तेथे जड-हलके असा क्रम राहत नाही. हायड्रोजन, लिथियम, बोरॉन, कॅडमियम आणि गॅडोलिनियम ही मूलद्रव्ये न्यूट्रॉनांना जोरदार अडवतात, तर ॲल्युमिनियम आणि शिसे त्यांना बऱ्याच अंशी वाट देतात. एक सेंटिमीटर जाडीच्या शिशातून औष्णिक, म्हणजे वेग कमी केलेल्या, न्यूट्रॉनांपैकी निम्म्याहून अधिक सरळ पार होतात. तेवढ्याच जाडीच्या पाण्यातून मात्र शेकडा पाचदेखील सरळ पलीकडे पोहोचत नाहीत. धातूच्या आवरणातील पाणी, तेल, रबर, गोंद किंवा स्फोटक पाहण्यासाठी हे तंत्र वापरतात ते याच कारणामुळे. भट्टीतून समांतरक नळीवाटे आलेला झोत नमुन्यातून जातो, पलीकडे लिथियम फ्लोराइड आणि झिंक सल्फाइडचा पडदा त्याचे प्रकाशात रूपांतर करतो आणि कॅमेरा तो प्रकाश टिपतो. नमुना टप्प्याटप्प्याने फिरवून अनेक प्रतिमा घेतल्या, की संगणकावर त्याची त्रिमितीय रचना उभी करता येते.

अर्जातील संशोधन प्रश्न

प्रशिक्षणाच्या अर्जात बहुतेक वेळा एक-दोन परिच्छेदांत आपला संशोधन प्रश्न लिहावा लागतो. निवड समिती सर्वाधिक लक्ष देऊन वाचते तो हाच भाग, आणि नेमका तोच घाईत लिहिला जातो. कोकणातील अर्जदाराला सर्वप्रथम सुचते ते हापूस आंब्यातील साक्याचे, म्हणजे आतला गर बिघडण्याच्या दोषाचे, उदाहरण. कल्पना आकर्षक असली, तरी अख्खा आंबा म्हणजे काही सेंटिमीटर जाडीचे पाणीच. वर दिलेल्या आकड्यांवरून पाहिले तर त्यातून न्यूट्रॉन जवळजवळ पार होणार नाहीत आणि प्रतिमा नुसती काळी येईल. त्या कामाला क्ष-किरण अधिक सोयीचे आहेत. जाणकार परीक्षक हे एका नजरेत ओळखतो आणि अर्ज बाजूला ठेवतो.

याउलट जांभा दगडाचा प्रश्न या तंत्राला अगदी साजेसा आहे. चिरा पावसाचे पाणी किती खोल आणि कोणत्या वाटेने शोषून घेतो, त्याच्या छिद्रांतून खारा ओलावा कसा सरकतो आणि वाळताना आधी कोणता भाग सुकतो, हे एक-दीड सेंटिमीटर जाडीच्या कापात प्रत्यक्ष पाहता येते. मात्र येथे एक बारकावा लिहिणे आवश्यक आहे. जांभ्यातील गोएथाइट आणि गिब्साइट या खनिजांच्या रचनेतच हायड्रोजन असतो, म्हणून दगड कोरडा असला तरी तो न्यूट्रॉनांना काही प्रमाणात अडवतोच. नमुना आधी ओव्हनमध्ये सुकवून त्याची कोरडी प्रतिमा घेणार आणि ओल्या प्रतिमेची तुलना तिच्याशी करणार, एवढे एक वाक्य अर्जात असले, तरी अर्जदाराने विषयाचा अभ्यास केला आहे हे कळते. ॲल्युमिनियमच्या पातळ पेटीत वाळूमिश्रित मातीत वाढवलेली भाताची मुळे, रस्त्याखालच्या मोरीच्या काँक्रीटच्या भेगांत शिरणारे पाणी, वायूवर चालणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांच्या आतील पोकळ्यांत ओतकामानंतर राहून गेलेला सिरॅमिकचा अंश, हेही प्रश्न तितकेच योग्य आहेत. शेवटच्या उदाहरणात पाते गॅडोलिनियमच्या द्रावणात बुडवतात; उरलेला सिरॅमिक ते शोषून घेतो आणि प्रतिमेत ठळक दिसतो.

पात्रता

शैक्षणिक पात्रता प्रत्येक सूचनेत स्वतंत्रपणे दिलेली असते, त्यामुळे तीच प्रमाण मानावी. सर्वसाधारणपणे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान (मटेरियल सायन्स), भूशास्त्र, मृदाशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी अथवा पदव्युत्तर पदवी असलेले आणि त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे उमेदवार अपेक्षित असतात. अणुभौतिकीचाच पदवीधर हवा, अशी समजूत आपल्याकडे आढळते. ती निराधार आहे, कारण या झोतांचे वापरकर्ते पुरातत्त्वापासून शेतीपर्यंत पसरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची भाषा सहसा इंग्रजी असते आणि ती पुरेशी अवगत असल्याची खात्री नामनिर्देशन करणाऱ्या संस्थेने द्यावी लागते.

किरणोत्सारी क्षेत्रात काम करण्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषांनुसार व्यावसायिक किरणोत्सार कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, तर सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. झोतकक्षाबाहेर, संरक्षक भिंतीआड बसून काम करणाऱ्या प्रशिक्षणार्थीला मिळणारी मात्रा कमी राहावी अशीच तेथील रचना असते. तरीही मात्रामापक बिल्ला लावणे बंधनकारक असते, आणि गर्भवती उमेदवाराने ती बाब यजमान संस्थेला आधीच कळवणे आवश्यक असते.

आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचा मार्ग

व्हिएन्ना येथे मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजेच आयएईए, १९५७ साली स्थापन झाली आणि भारत तेव्हापासून तिचा सदस्य आहे. संस्थेच्या प्रशिक्षण वर्गांची माहितीपत्रके तिच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. त्यांत वर्गाचा उद्देश, कोणासाठी, कोठे, किती दिवस आणि नामनिर्देशनाची अंतिम तारीख हे सर्व असते. उमेदवाराने प्रथम संस्थेच्या ‘न्यूक्लियस’ या प्रणालीत खाते उघडावे आणि मग ‘इनटच प्लस’ या मंचावर आपली शैक्षणिक व सेवेची माहिती भरून त्या विशिष्ट वर्गासाठी अर्ज दाखल करावा. ऑनलाइन अर्ज शक्य नसल्यास माहितीपत्रकासोबतचा सहभागाचा अर्ज, म्हणजे ‘फॉर्म ए’, आणि प्रवासखर्चासाठी साहाय्य हवे असल्यास ‘फॉर्म सी’ भरावा लागतो.

येथवर अर्ज फक्त दाखल झालेला असतो. तो ग्राह्य धरला जातो तो देशाच्या सक्षम प्राधिकरणाने पुढे पाठवल्यावरच. भारतात हे काम मुंबईतील अणुऊर्जा विभागामार्फत होते. खासगी कंपनीने किंवा व्यक्तीने परस्पर पाठवलेले नामनिर्देशन आयएईए स्वीकारत नाही. त्यामुळे रत्नागिरीच्या अध्यापकाचा अर्ज विभागप्रमुखाकडून प्राचार्यांकडे, तेथून विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे आणि मग अणुऊर्जा विभागाकडे असा जातो. प्रत्येक टेबलावर आठवडा गेला, तरी महिना सहज सरतो. मे महिन्याची सुट्टी आणि गणेशोत्सव यांच्या आसपास मुदत येत असेल, तर सही करणारे अधिकारी गावी असणार, हे गृहीत धरूनच दिवस मोजावेत. प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी. ‘वर पाठवले आहे’ एवढ्या उत्तरावर पाठपुरावा करता येत नाही; क्रमांक हाती असला, तर तो करता येतो.

या वर्गांना नोंदणी शुल्क सहसा नसते. आर्थिक साहाय्य मर्यादित असते आणि ते सर्वांना मिळत नाही, म्हणून ते न मिळाल्यास खर्च कोण करणार, याचे उत्तर आपल्या संस्थेच्या पत्रात आधीच दिलेले बरे. आजारपण, अपघात किंवा सामान हरवणे यांची जबाबदारी आयएईए घेत नाही. विमा उमेदवाराने किंवा त्याच्या संस्थेने उतरवायचा असतो.

कागदपत्रे

पदवीची प्रमाणपत्रे व गुणपत्रके, सेवेत असल्याचा दाखला, संस्थाप्रमुखाचे शिफारसपत्र, ना हरकत प्रमाणपत्र, संक्षिप्त कार्यपरिचय आणि पासपोर्ट, एवढा संच साक्षांकित प्रतींसह तयार ठेवावा. शिफारसपत्रात ‘उमेदवार होतकरू आहे’ अशी मोघम वाक्ये नसावीत. परत आल्यावर हे ज्ञान संस्थेत कोणत्या कामासाठी वापरले जाईल, हे दोन ओळींत स्पष्ट लिहावे. शासकीय अथवा अनुदानित संस्थेतील उमेदवाराला परदेशगमनाची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते आणि तिची फाइल नामनिर्देशनाच्या फाइलीबरोबरच फिरवणे शहाणपणाचे.

सर्वाधिक खोळंबा नावामुळे होतो. आपल्याकडच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या पदवीवर एक, तर पासपोर्टवर दुसरे नाव असते. अर्जात सर्वत्र पासपोर्टवरील नावच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहावे. पदवीवरील नाव वेगळे असल्यास राजपत्रातील नावबदलाची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडावे.

वर्ग ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी अशा देशांत असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि किमान दोन कोरी पाने असलेला हवा, तसेच किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी वैद्यकीय विमा हवा. अर्ज प्रवासापूर्वी ६ महिन्यांपर्यंत करता येतो आणि १५ दिवसांहून उशिरा करू नये.

तुर्भ्याचा मार्ग

परदेशी न जाता हेच तंत्र शिकण्याची सोय कोकण किनाऱ्यावरच, मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी येथेच ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. १९८५ पासूनची १०० मेगावॉट क्षमतेची ‘ध्रुव’ ही संशोधनासाठी न्यूट्रॉन झोत पुरवणारी प्रमुख भट्टी असून तेथे इमेजिंगसाठी स्वतंत्र झोतरेषा आहे. कल्पाक्कम येथील युरेनियम-२३३ इंधनावर चालणारी ३० किलोवॉटची ‘कामिनी’ ही लहान भट्टीही न्यूट्रॉन रेडिओग्राफीसाठी, म्हणजे न्यूट्रॉनांनी सपाट प्रतिमा घेण्यासाठी, वापरली जाते.

विद्यापीठे आणि महाविद्यालयांना या सुविधांपर्यंत नेणारी संस्था म्हणजे इंदूर येथे मुख्यालय असलेली यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग) कन्सॉर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्च, आणि ‘ध्रुव’च्या झोतांसाठी तिचे मुंबई केंद्र काम पाहते. येथे अर्जदार असतो नियमित सेवेतील अध्यापक. तो संशोधन प्रस्ताव देतो, केंद्रातील एक शास्त्रज्ञ त्याचा सहयोगी होतो आणि अध्यापकाचा विद्यार्थी त्या कामाच्या ओघात तंत्र शिकतो. माझ्या मते लहान महाविद्यालयांसाठी हाच मार्ग अधिक फलदायी आहे, कारण आठवडाभराच्या वर्गापेक्षा स्वतःच्या नमुन्यावर केलेले काम अधिक शिकवते. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी सहयोगी शास्त्रज्ञाशी पत्रव्यवहार करून नमुन्याची जाडी आणि घटक यांवर चर्चा करून घ्यावी.

भाभा केंद्रात प्रवेशासाठी यजमान शास्त्रज्ञामार्फत पूर्वपरवानगी आणि ओळखपत्र लागते. मोबाइल, कॅमेरा, पेनड्राइव्ह परवानगीशिवाय आत नेता येत नाहीत. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी पनवेलला उतरून हार्बर मार्गाने मानखुर्द गाठावे, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्या उशिरा पोहोचतात हे लक्षात ठेवून आदल्या दिवशीच मुक्कामाला यावे.

नमुन्याबरोबर त्याच्या घटकांचे लेखी निवेदन द्यावे लागते आणि ते प्रामाणिक असणे महत्त्वाचे आहे. न्यूट्रॉनांमुळे नमुन्यातील काही मूलद्रव्ये स्वतः किरणोत्सारी बनतात. ॲल्युमिनियमची अशी सक्रियता सव्वादोन मिनिटांनी निम्मी होते, मँगॅनीजची सुमारे अडीच तासांनी, पण कोबाल्टची निम्मी होण्यास सव्वापाच वर्षे लागतात. जांभ्याचा काप एक-दोन दिवसांत परत मिळू शकतो. कोबाल्टयुक्त मिश्रधातूचा तुकडा मात्र दीर्घकाळ तेथेच ठेवावा लागण्याची शक्यता असते, म्हणून एकमेव किंवा मौल्यवान वस्तू नमुना म्हणून देऊ नये.

उद्योगांतील तंत्रज्ञांसाठी

वेल्डच्या तपासणीसाठी इरिडियम-१९२ हा गॅमा किरणांचा स्रोत वापरणाऱ्या रेडिओग्राफरचे प्रमाणपत्र न्यूट्रॉन रेडिओग्राफीला लागू होत नाही. विनाविध्वंस चाचणी करणाऱ्यांच्या पात्रतेविषयीच्या एसएनटी-टीसी-१ए या अमेरिकी शिफारशींत न्यूट्रॉन रेडिओग्राफी ही वेगळी पद्धत गणली आहे. कंपनीने प्रशिक्षणासाठी माणूस निवडताना गॅमा रेडिओग्राफीचा अनुभव जमेस धरावा, कारण सुरक्षेची शिस्त तीच असते. पण अर्जात तो अनुभव न्यूट्रॉनचा म्हणून दाखवू नये. कंपनीला परस्पर नामनिर्देशन करता येत नसल्याने, जवळच्या विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रस्ताव करणे हा व्यवहार्य उपाय आहे. त्यात कंपनी नमुने आणि खर्च देते, विद्यापीठाचा अध्यापक मुख्य अर्जदार राहतो, आणि कंपनीच्या तंत्रज्ञाचे नाव सहभागी म्हणून पहिल्याच मसुद्यात घालावे लागते, कारण प्रवेशाच्या परवानगीसाठी लागणारी ओळखपत्राची प्रत आणि छायाचित्रे त्या नावानेच मागवली जातात.