पोषण माहितीपट्टी (मधुमेहींच्या दृष्टीने, ग्रामीण विदर्भ)

पोषण माहितीपट्टी : पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर छापलेला, त्या पदार्थातील ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्धांश व सोडियम यांचे प्रमाण सांगणारा तक्ता. खेड्यात त्याला वेगळे नाव नाही. ‘पुड्यामागं बारीक लिहिलेलं’ एवढ्यावर भागते. घरच्या भाकरीचा अंदाज हाताला असतो, कारखान्यातून आलेल्या टोस्टचा नसतो. ज्याला रोज रक्तातली साखर सांभाळायची आहे, त्याला हा अंदाज देण्याचे काम या तक्त्याचे आहे. विदर्भातल्या किराणा दुकानात तो ते काम कितपत करतो, कुठे अडतो आणि कसा वाचावा, हे या नोंदीत पाहिले आहे.

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचे ताट एकसारखे नाही. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ या वऱ्हाडच्या पट्ट्यात मूळ जेवण ज्वारीच्या भाकरीचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरकडे भाताचे. कापूस आणि सोयाबीनने ज्वारीचे शेत आकसले, रेशनवर गहू-तांदूळ आले आणि वऱ्हाडातही पोळी व भात रोजचे झाले. त्याच काळात गावोगावच्या दुकानात पाकिटांच्या माळा लटकल्या. पहाटे वावरात जाण्याआधी चहा-टोस्ट, दुपारी पोरांसोबत बिस्किटाचा पुडा, पाहुण्यापुढे फरसाण आणि थंड्याची बाटली. पाकिटातले खाणे ही शहराची गोष्ट उरलेली नाही.

आजारही शहराचा उरलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे. शहरी भागात १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण मात्र १५.३ टक्के असून ते शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखे आहे. या दुसऱ्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण उंबरठ्यावरच्या माणसाला रोजच्या खाण्याची माहिती वेळेत मिळाली तर त्याचा आजार लांबवता येतो.

‘गोड बंद’ म्हणजे काय

तपासणीत ‘शुगर निघाली’ की पहिला सल्ला मिळतो : गोड बंद करा. हा सल्ला ऐकणारा तो प्रामाणिकपणे पाळतो. चहा फिका होतो, पेढा-जिलेबी सुटते, सणाला पुरणपोळी अर्धीच खाल्ली जाते. पण टोस्ट, खारी, मुरमुरे, पाव, नमकीन बिस्किटे ही त्याच्या लेखी गोड नाहीत, म्हणून ती चालूच राहतात. फिक्या चहात चार टोस्ट बुडवून खाणाऱ्याची रक्तशर्करा का उतरत नाही, याचे उत्तर इथे आहे. मैद्यातला पिष्टमय भाग पचनात ग्लुकोजच होतो, आणि मैद्यात तंतू फार कमी असल्याने तो लवकर होतो. जिभेला गोड लागणे आणि रक्तात साखर चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपट्टीचा खरा उपयोग हा फरक दाखवून देण्यात आहे.

तक्त्यात काय असते

भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालील लेबलविषयक नियम २०११ साली आले, आणि त्यांची जागा २०२० च्या लेबलिंग व डिस्प्ले नियमांनी घेतली. त्यानुसार ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांचे आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे द्यावे लागतात. शिवाय एका वाढपातून (एका वेळी खायचे म्हणून धरलेल्या मापातून) दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा येतो, हेही सांगावे लागते. ही टक्केवारी २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम (साधारण ५ ग्रॅम मीठ) हे दिवसाचे माप धरून काढतात. ५० ग्रॅम साखर ही सर्वसाधारण निरोगी प्रौढासाठीची वरची मर्यादा आहे. मधुमेही माणसाने ती आपल्याला मिळालेली मुभा समजू नये.

टक्क्यांच्या या यादीत कर्बोदके नाहीत. तंतूंचा आकडा छापण्याची सक्ती नाही. आणि वाढप किती मोठे, हे उत्पादक ठरवतो. दोन बिस्किटांचे वाढप धरून छापलेली टक्केवारी खरी असते, पण दोन बिस्किटे खाऊन पुडा बाजूला ठेवणारे किती? म्हणून मधुमेहींनी टक्क्यांचा रकाना सोडून द्यावा आणि कर्बोदकांच्या ओळीवर बोट ठेवावे.

उदाहरण घेऊ. समजा, ६० ग्रॅमच्या बिस्किट पुड्यावर १०० ग्रॅममागे कर्बोदके ७५ ग्रॅम आणि एकूण साखर २५ ग्रॅम लिहिली आहे. साखर कर्बोदकांतच मोजलेली असते, ती वेगळी मिळवायची नाही. सबंध पुडा खाल्ला तर ४५ ग्रॅम कर्बोदके पोटात गेली, त्यांतली १५ ग्रॅम साखर. चहाचे तीन चमचे. आता घरचे माप लावू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम तंतू असतात. ६० ग्रॅम पिठाची भाकर म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम कर्बोदके. म्हणजे चहासोबतचा तो पुडा एका भाकरीहून थोडा जास्तच भरला, आणि त्यानंतर जेवण व्हायचेच आहे. पुड्याचा हिशेब भाकरीत मांडला की तो घरातल्या सगळ्यांना कळतो. किलोकॅलरीत मांडला की कोणालाच कळत नाही.

याच आकड्यांतून आणखी एक समज दुरुस्त करून घ्यावा लागतो. ज्वारी शुगरवाल्याला कितीही चालते, असे वऱ्हाडात सर्रास म्हणतात. ज्वारीत तंतू भरपूर आहेत आणि पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा ती केव्हाही बरी. पण कर्बोदके तिच्यातही आहेत, त्यामुळे भाकरी मोजूनच खाव्या लागतात.

साखरेची दुसरी नावे आणि मोठ्या अक्षरांतले दावे

घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिली दोन-तीन नावे वाचली की पदार्थ मुख्यतः कशाचा आहे ते समजते. ‘आटा बिस्किट’ म्हणून घेतलेल्या पुड्यावर पहिले नाव मैद्याचे नाही ना, हे तिथेच पाहावे. साखर मात्र अनेक नावांनी येते : ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ. माल्टोडेक्स्ट्रिन तर तक्त्यातल्या साखरेच्या ओळीत दिसतही नाही, तरी रक्तशर्करा झपाट्याने वाढवते. गुळाविषयी आपल्याकडे विशेष जिव्हाळा आहे. तो असावाही, पण गुळाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग कर्बोदकांचाच असतो. ‘गुळाचे आहे, चालते’ हे मधुमेहींच्या बाबतीत खरे नाही.

दाव्यांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. ‘लो शुगर’साठी घन पदार्थात ही मर्यादा ५ ग्रॅम आणि द्रवात २.५ ग्रॅम आहे. ‘नो ॲडेड शुगर’चा अर्थ एवढाच की साखर वरून घातलेली नाही, फळाची किंवा दुधाची मूळची साखर असू शकते. तिन्ही दावे साखरेबद्दल बोलतात, मैद्याबद्दल किंवा तांदळाच्या पिठाबद्दल काहीच सांगत नाहीत. शुगर फ्री बिस्किट कायद्याने अगदी बरोबर असूनही कर्बोदकांनी भरलेले असू शकते. अशा पदार्थांत साखरेऐवजी गोडीसाठी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल वापरले असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट बिघडते, आणि माल्टिटॉल साखरेपेक्षा कमी, पण रक्तशर्करा वाढवतेच. हे पदार्थ महागही असतात. मजुरीच्या पैशातून घरच्या म्हाताऱ्यासाठी मुद्दाम शुगर फ्रीचा डबा आणणाऱ्या मुलाला ही गोष्ट दुकानातच कोणीतरी सांगायला हवी.

दावे काही वेळा मागेही घ्यावे लागतात. सांद्र रसात पाणी मिसळून बनवलेल्या पेयांवर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे लिहू नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला.

भाषा, अक्षर आणि छोटी पुडी

नियमानुसार लेबलवरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. आणखी कोणत्याही भाषेत छापायला मुभा आहे, सक्ती नाही. परिणामी मराठीत जाहिरात होते, भिंती रंगतात, पण मागचा तक्ता इंग्रजीत राहतो. मधुमेहात नजर आधीच अधू होण्याचा धोका, त्यात चकचकीत वेष्टनावर मुंगीएवढी अक्षरे. घरात चष्मा असेलच असे नाही. मग नातवाला हाक मारली जाते, आणि तो ‘कार्बोहायड्रेट’ हा शब्द वाचतो, पण आजीला त्याचा अर्थ सांगू शकत नाही.

नियमांतली एक सवलत खेड्यातल्या गिऱ्हाइकाला विशेष भोवते. वेष्टनाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर त्या पुडीवर घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता देण्यापासून सूट आहे. ही माहिती घाऊक किंवा एकत्रित वेष्टनावर दिली की पुरते. एक-दोन रुपयांच्या गोळ्या, चॉकलेटे आणि छोट्या पुड्या या मापात बसतात. मोठे खोके दुकानदाराकडे राहते किंवा रद्दीत जाते. जो एका वेळी किलोभर माल घेऊ शकतो त्याला तक्ता मिळतो, आणि रोजच्या मजुरीतून रोजची पुडी घेणाऱ्याला मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सवलत तांत्रिक सोयीची असली तरी तिचा भार चुकीच्या माणसावर पडतो. निदान एकूण कर्बोदके आणि साखर या दोन आकड्यांना छोट्या पुडीवरही जागा मिळायला हवी, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर ते आकडे मराठीत हवेत.

आठवडी बाजारातला सुटा फरसाण, बेकरीतून पोत्याने येणारा टोस्ट, टपरीवरचा आलूबोंडा यांच्यापुढे तर माहितीपट्टीचा प्रश्नच येत नाही. तिथे पदार्थ कशाचा आहे हे विचारणे एवढाच मार्ग उरतो.

पुढच्या बाजूची सूचना

मागचा तक्ता वाचला जात नाही, म्हणून पाकिटाच्या दर्शनी भागावर सोपी खूण असावी, हा विचार अनेक देशांनी अमलात आणला. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा कॅलरी जास्त असलेल्या पदार्थांवर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली. मेक्सिकोने २०२० मध्ये तोच मार्ग धरला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून तारे देण्याची ऐच्छिक पद्धत आहे. भारतीय प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात अर्ध्या ते पाच ताऱ्यांची पद्धत सुचवली. जुलै २०२४ मध्ये साखर, संपृक्त स्निग्धांश व सोडियमचे प्रमाण ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला त्याने मान्यता दिली. दर्शनी सूचनेच्या मागणीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला शिफारशी देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

अक्षर न येणाऱ्याच्या दृष्टीने काळी खूण ताऱ्यांपेक्षा उजवी आहे. तारा म्हणजे शाबासकी, असेच कोणालाही वाटते. दीड तारा मिळालेला पुडाही काहीतरी मिळवलेलाच दिसतो. हिरव्या ठिपक्याची खूण गावागावांत ओळखली जाते, कारण ती एकच गोष्ट सांगते. मात्र मधुमेहींना या दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. दोन्हींत साखर मोजली जाते, पिष्टमय पदार्थ वेगळा मोजला जात नाही. साखर न घातलेला मैद्याचा टोस्ट साखरेच्या खुणेतून सहज सुटेल.

गावपातळीवर हे काम कोण करू शकेल, याचे उत्तर आशाताई आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी हेच आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म आशाताई भरतात, त्यात जोखमीचे गुण वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल आणि घराण्यातला आजार यांवरून मिळतात. पाकिटातल्या खाण्याचा त्यात विचार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतील सतरा सूचनांपैकी शेवटची सूचना लेबल वाचण्याचीच आहे. ती उपकेंद्रापर्यंत पोहोचवायची तर भित्तिपत्रकापेक्षा गावच्या दुकानातलेच चार रिकामे पुडे समोर ठेवून बोलणे जास्त कामी येते.

साखर उतरते तेव्हा

माहितीपट्टीची एक बाजू नेहमी विसरली जाते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची रक्तशर्करा कधी एकदम खाली येते, विशेषतः जेवण चुकले आणि उन्हात काम झाले तर. कापूस वेचताना हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. दर १०० मिलिलिटर रक्तामागे ७० मिलिग्रॅमखाली आकडा गेला, किंवा आकडा पाहायची सोय नसून ही लक्षणे दिसली, तर लगेच १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी : तीन चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच, आणि नंतर जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. अशा वेळी ‘शुगर फ्री’ पेय किंवा गोळी काहीच कामाची नाही, आणि चॉकलेटमधली साखर स्निग्धांशामुळे रक्तात उशिरा उतरते. शिदोरीच्या फडक्यात साखरेची पुडी वेगळी बांधलेली असावी, आणि सोबत काम करणाऱ्या बाईमाणसांना ती कशासाठी आहे हे माहीत असावे.